नकाशाची खालची कड

लेनोरा टोर्वे आमच्या अंगणात पिकअप घेऊन शिरली तेव्हा तिच्या शेजारच्या सीटवर काचेची एक मोठी फ्रेम होती आणि त्या फ्रेमला तिने पट्टा लावलेला होता. हार्लन, तिचा नवरा, जिवंत होता तोवर त्याच सीटवर पट्ट्याशिवाय बसायचा आणि ती त्याला कधी काही म्हणाल्याचं मला आठवत नाही. फ्रेमची मात्र तिला काळजी होती.

ऑगस्ट चालला होता. वरच्या सरकारी जंगलात वणवे लागलेले, धुराने सूर्य तांबडा, खालचे ओढे आटलेले. अशा दिवसांत शेजारी गाडी घेऊन आला की तो पाण्याबद्दल बोलणार हे आमच्याकडे कुत्र्यालाही कळतं. माझं कुत्रं उठून कोठारामागे गेलं.

"हे बघ, गॉर्डन," ती म्हणाली आणि फ्रेम माझ्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवली. विचारलंबिचारलं काही नाही.

आत आमच्या डोंगराचा जुना सरकारी नकाशा होता, एकोणीसशे चौतीस सालचा. मी तो लगेच ओळखला. जंगलाचा फिका हिरवा रंग, चढाच्या तपकिरी रेघा, कड्यापाशी त्या इतक्या दाट की बोट फिरवलं तर खरखरतील असं वाटावं. आमचं घर म्हणजे एक काळा ठिपका, त्यांचं म्हणजे दुसरा. माणूस एकही नाही. नकाशातली ही गोष्ट मला नेहमीच आवडत आलीय.

"हार्लनच्या वडिलांच्या पेटीत सापडला. हा झरा बघ. काय लिहिलंय वाच."

"चष्मा घरात राहिलाय."

"टोर्वे स्प्रिंग लिहिलंय. आणि ही उभी रेघ सेक्शनची, म्हणजे तुमच्या-आमच्या हद्दीची. झरा तिच्या कुठल्या बाजूला आहे?"

झरा रेघेच्या पूर्वेला होता, म्हणजे त्यांच्या बाजूला. जमिनीवर मात्र कुंपण झऱ्याच्याही पूर्वेने जातं आणि झऱ्यावर माझी गुरं पाणी पितात. माझ्या बापाची प्यायची, आजोबांचीही प्यायची. वरच्या कुरणात दुसरं पाणी नाही. तो झरा गेला तर ते कुरण म्हणजे नुसता देखावा, आणि अर्धी गुरं विकायची पाळी.

"लेनोरा, हा नकाशा काढणारा सरकारी माणूस तो अख्खा उन्हाळा नेल्स टोर्वेच्या कोठारात मुक्कामाला होता. ज्याच्या घरचे पॅनकेक खाल्ले त्याचं नाव झऱ्याला दिलं. माझ्या आजीने बोलावलं असतं तर लिंडव्हिग स्प्रिंग झाला असता."

"पॅनकेकने रेघ सरकत नाही."

हे खरं होतं. मग मी तिला सांगितलं, जे हार्लनने चाळीस वर्षांत सांगायला हवं होतं. सेक्शनची रेघ वॉशिंग्टनमधल्या कुणीतरी पट्टी धरून मारलेली. ती सरळ कड्यावरून जाते, घळीतून जाते, जिथे बकरीसुद्धा उभी राहणार नाही तिथून जाते. तिथे खांब कसा रोवणार? म्हणून माझे आजोबा ओला आणि हार्लनचे आजोबा नेल्स यांनी जमीन देईल तसं कुंपण घातलं. वर ते टोर्वेंच्या जमिनीत शिरलं, खाली आमच्या. वरचा झरा आम्हाला आला, त्याच्या बदल्यात खालचं काही त्यांना गेलं. अशी देवघेवीची कुंपणं या खोऱ्यात जिथे तिथे आहेत. कोणी मोजत नाही. मोजायचं नसतंच.

"खालचं काही म्हणजे काय?"

मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. पण तिने मध्येच विचारलं, "आणि याचा कागद आहे?"

"दोघांनी हात मिळवले होते."

"म्हणजे नाही." ती फ्रेम उचलायला लागली. "मेलेल्या माणसांचे हात. सोयीचं आहे. तुमच्या घराण्याने तीन पिढ्या आमचं पाणी चोरलं आणि माझा नवरा तुमच्यासोबत कॉफी पीत बसला."

आमच्याकडे माणसाला दारुडा म्हणा, आळशी म्हणा, त्याची गुरं खरजुली आहेत म्हणा, तो हसून सोडून देईल. पाण्याचा चोर म्हटलं की संपलं. ओला लिंडव्हिगने आयुष्यभर दुसऱ्याचं वासरू चुकून आलं तर त्याला खाऊ घालून परत नेऊन दिलं. त्याला ही ग्रेट फॉल्स शहरातल्या शाळेतून इथे लग्न होऊन आलेली बाई चोर म्हणाली, माझ्याच अंगणात, माझ्याच ट्रॅक्टरवर काच ठेवून.

"तुला रेघ हवी ना?" मी म्हणालो. "सगळी हवी? जंगलापासून खालच्या ओढ्यापर्यंत?"

"इंच न इंच."

"नीट विचार कर."

"विचार तुम्ही करा, मिस्टर लिंडव्हिग," ती म्हणाली. हार्लनच्या लग्नापासून ती मला अरे-तुरे करत आलेली. त्या दिवशी मी तुम्ही झालो आणि ते शेवटपर्यंत तसंच राहिलं.

ती गेल्यावर मी खोगिरांच्या खोलीत गेलो. तिथे भिंतीवर, लगामांच्या मागे, त्याच साली छापलेला दुसरा कागद खिळ्यांनी ठोकलेला आहे. सरकारी नकाशा एका तुकड्यात मिळत नाही. डोंगर कुठेही असो, कागद ठरलेल्या जागी कापलेला. लेनोराचा कागद झऱ्याच्या थोडं खाली संपत होता. शेजारच्या कागदाचं नाव समासात छापलेलं असतं, पण गावातल्या फ्रेमवाल्याने चारी कडा नीटनेटक्या आत दुमडल्या होत्या. तिच्या दृष्टीने हद्द तिथेच संपली होती. माझ्या भिंतीवर ती पुढे खाली उतरत होती.

खाली आमच्या जमिनीत कुंपण शिरतं तिथे टोर्वेंचं गवताचं कुरण आहे, त्यांच्या गुरांचा सगळा हिवाळा ज्यावर निघतो ते. नेल्सने झरा देऊन घेतलेलं. रेघेने बघितलं तर ते सगळं माझं. आणि कुरणाच्या कडेला टॅमरॅकच्या झाडांखालची टेकडीही माझी. त्या टेकडीवर हार्लनला पुरलंय.

तो खड्डा मी खणला होता. दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये, जमीन अजून गोठलेली असताना, माझ्या मशीनने. माझ्याच जमिनीत खणतोय हे मला मशीन चालू करताना माहीत होतं आणि हार्लनलाही माहीत होतं. मरायच्या आठवडाभर आधी मी त्याला बघायला गेलो तेव्हा लेनोरा औषधं आणायला गेलेली होती. तो म्हणाला, "गॉर्ड, मला टेकडीवर झोपायचंय. दोन्ही घरं दिसतात तिथून."

"मग झोप की."

"तुझ्यात आहे ती."

"माहितेय."

"नंतर भाडं लावू नकोस."

"तुझ्याकडून कधी वसूल झालंय काही?" मी म्हणालो. त्याला हसायला झालं आणि हसण्याने खोकला आला. आमच्या दोघांत या विषयावर झालेलं बोलणं एवढंच. लेनोराला त्याने सांगितलं नसणार. सांगण्यासारखं त्याला काही वाटलंच नसणार.

रात्रीच्या जेवणाला मी बर्निसला सगळं सांगितलं. माझी बायको कोणाचीच बाजू घेत नाही, त्यामुळे तिच्याशी बोलणं नेहमीच त्रासाचं असतं.

"जाऊन सांग तिला," ती म्हणाली.

"तिने विचारलं की सांगेन."

"माहीतच नाही तर विचारेल कशी?"

"चोराचं कोण ऐकतं?"

"गॉर्ड, तू सत्तरीचा आहेस. शाळेच्या मैदानात नाहीस."

"तिने ओलाला चोर म्हटलं."

"ओला मेला. हार्लन मेला. तुम्ही दोघं मात्र जिवंत आहात, माझं नशीब." तिने बटाट्यांचं भांडं माझ्यासमोर आदळलं. "तो तुझा मित्र होता ना?"

मी बटाटे वाढून घेतले. मित्र होता म्हणूनच मला इतका राग आला होता, पण हे बर्निसला सांगण्यात अर्थ नव्हता. तिने मला कागद खाली उतरवून लेनोराकडे न्यायला सांगितला असता, आणि मी तो नेला नसता.

त्या हिवाळ्यात आम्ही काय केलं नाही ते विचारा. हार्लन गेल्यापासून तिच्या रस्त्यावरचा बर्फ मी काढायचो. तो काढणं बंद केलं. तिने गावातून माणूस लावला, तो दुपारी उगवायचा, आणि तोवर ती फावडं घेऊन फाटकापर्यंत वाट काढत असायची. खिडकीतून मला दिसायचं. मी पडदा लावला नाही, हेही सांगून टाकतो.

तीही काही कमी नव्हती. माझ्या दोन कालवडी कुंपण तुडवून तिच्याकडे गेल्या. असं झालं की इथे माणूस फोन करतो, म्हणतो, तुझ्या बाया माझ्याकडे पाहुण्या आल्यात, घेऊन जा. तिने सरळ शिक्के तपासणाऱ्या अधिकाऱ्याला बोलावलं. तो बिचारा साठ मैल गाडी हाकत आला, कालवडींच्या पुठ्ठ्यावरचा माझा शिक्का बघितला आणि माझ्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. "मला यायलाच लागतं, गॉर्ड," म्हणाला. चर्चच्या जेवणात ती आमच्या टेबलावर ठेवलेली, स्वतः भाजून आणलेली गोड पाई उचलून दुसऱ्या टेबलावर घेऊन गेली. हकलबेरीच्या रानफळांची होती. बर्निसने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दोघांचंही तोंड बघवत नसल्यासारखी बाहेर गाडीत जाऊन बसली.

गावात बभ्रा झाला. दुकानात लोक लेनोराला विचारायचे, नकाशा बघायला येऊ का. ती बोलवायची. फ्रेम तिने जेवणघरात लावली होती आणि झऱ्याच्या जागी काचेवर बोटांचे डाग पडले होते, असं मला पोस्टातल्या बाईने सांगितलं. जुन्या लोकांपैकी एकाने म्हणे तिला सुचवलं होतं, अगं, खालच्या बाजूचंही बघ. ती म्हणाली, खालच्या बाजूला आमची शंभर वर्षांची वहिवाट आहे, तिथे कोण काय बोलणार. वरच्या बाजूला आमचीही तेवढीच होती. ते तिच्या हिशेबात नव्हतं.

मार्चमध्ये तिच्या वकिलाकडे बसलो. टेबलावर करार होता. सेक्शनची रेघ हीच हद्द, पूर्ण लांबीभर, आणि जुन्या वहिवाटीचे सगळे हक्क दोन्ही बाजूंनी कायमचे सोडले. वकिलाने तिला आधी मोजणी करून घ्या असं माझ्यादेखत सांगितलं. ती नको म्हणाली. मोजणीत झरा तिचा निघाला की मी वहिवाटीचा दावा लावीन अशी तिला भीती होती. तिला माझी सही आधी हवी होती.

"पूर्ण लांबी?" मी विचारलं.

"पूर्ण."

"वरपासून खालपर्यंत?"

"तुम्हाला ऐकायला कमी येतं का, मिस्टर लिंडव्हिग?"

वकिलाने माझ्याकडे जरा निरखून बघितलं. माणूस हुशार असावा. झरा जाणार असलेला माणूस इतका शांत का, हे त्याच्या मनात आलं असणार. पण फी ती देत होती आणि तिला घाई होती. तिने पेन माझ्याकडे सरकवलं.

मी तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर पुढचं काही झालं नसतं. बर्निस अजून हे मला दर रविवारी ऐकवते. पण त्या खोलीत लेनोरा ज्या नजरेने माझ्याकडे बघत होती तशी नजर मी माझ्या कुत्र्यालाही दिली नसती. मी सही केली आणि टोपी घालून बाहेर पडलो.

मोजणीला प्रूइट नावाचा तरुण आला, मेच्या अखेरीस. थडग्यांवर फुलं ठेवायचा दिवस नुकताच होऊन गेला होता. टेकडीवर हार्लनच्या दगडापाशी कॉफीच्या डब्यात लेनोराने ठेवलेले लायलॅक अजून पुरते सुकलेले नव्हते. प्रूइटने वर जंगलाच्या कडेला जुना कोपऱ्याचा दगड शोधून काढला, यंत्र लावलं आणि नारिंगी झेंड्या रोवत खाली निघाला. आम्ही दोघं दोन बाजूंनी चालत होतो. लेनोरा फ्रेम बरोबर घेऊन आली नव्हती, पण कागद पाठ असल्यासारखी ती प्रत्येक झेंडी बघून मान डोलवायची.

झऱ्यापाशी झेंडी पडली. झरा तिचा झाला. कड्याच्या पोटातून येणारं पाणी लाकडी हौदात पडतं, तो हौद माझ्या बापाने केलेला. ती वाकली, हात बुडवला आणि माझ्याकडे बघत पाणी प्यायली.

"ही गुरं कधी हलवणार?" मग तिने विचारलं.

"कागदात महिना आहे."

"महिना म्हणजे महिना."

प्रूइट पुढे निघाला. कड्यावरून दोरी टाकून उतरला, घळीपलीकडे पुन्हा दिसू लागला. आम्ही वळसा घालून खाली पोहोचलो तोवर त्याच्या झेंड्या कुरणात शिरल्या होत्या. कुंपणाजवळ त्या नव्हत्याच. कुंपण बरंच पश्चिमेला राहिलं होतं आणि झेंड्या गवताच्या पूर्वेच्या कडेने, लेनोराच्या घराच्या बाजूने, सरळ चालल्या होत्या.

"अहो," ती प्रूइटला म्हणाली, "तुम्ही चुकताय. कुंपण तिकडे आहे."

"कुंपण असेल, मॅडम. मी रेघ मोजतोय."

"नकाशात असं काही नाही."

"तुमच्याकडे कुठला कागद आहे?" त्याने वरच्या कागदाचं नाव सांगितलं. ती हो म्हणाली. "तो झऱ्याच्या खाली संपतो, मॅडम. इथलं शेजारच्या कागदावर आहे."

मी खोगिरांच्या खोलीतला कागद त्या सकाळीच काढून खिशात ठेवला होता. का ठेवला, विचारू नका. विजय दाखवायलाच ठेवला असणार. मी तो उलगडून कुरणाच्या कडेला उभ्या असलेल्या प्रूइटच्या गाडीच्या टपावर धरला. वाऱ्याने उडू नये म्हणून प्रूइटने दोन कोपरे धरले. लेनोराने बोट ठेवलं आणि वरून खाली रेघेवरून हळूहळू आणलं. कुरण ओलांडलं. टेकडीपाशी बोट थांबलं.

तिने मागे वळून टेकडीकडे बघितलं. झेंड्या टेकडीच्या पायथ्याशी, तिच्या बाजूला, एका ओळीत फडफडत होत्या. हार्लनचा दगड त्यांच्या पलीकडे होता. माझ्या बाजूला.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"वकिलाकडे सही केली तेव्हा."

"तेव्हाही. तुला दोनदा विचारलं."

"त्याला पुरलं तेव्हाही माहीत होतं?"

"मीच खणलं, लेनोरा. मला माहीत नसेल का?"

प्रूइट कागदाचे कोपरे तसेच धरून उभा होता आणि आपण दुसरा कुठला तरी धंदा निवडायला हवा होता असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. लेनोराचा चेहरा पांढरा पडला होता. मी थांबलो. माझ्याकडे वाक्य तयार होतं, सगळा हिवाळा मी ते घोळवत होतो. जुनं कुंपण राहू दे, असं. फाडून टाकू तो करार, तुझं गवत तुला, माझं पाणी मला, आणि हार्लन जिथे आहे तिथे. मला एवढंच हवं होतं की तिने विचारावं. एक शब्द. गॉर्डन म्हणून हाक मारली असती तरी चाललं असतं.

"मी त्याला तुमच्या जमिनीत ठेवणार नाही," ती म्हणाली.

आधी मला कळलंच नाही. "म्हणजे काय करणार?"

"घेऊन जाणार."

"लेनोरा, त्याने स्वतः मला विचारलं होतं. शेवटच्या आठवड्यात. त्याला इथेच, हे माहीत असून—"

"त्याचं नाव घेऊ नका." तिचा आवाज चढला नाही. "तुमच्या तोंडून मला त्याचं एक अक्षर ऐकायचं नाही. तुम्ही आता म्हणाल, त्याने तुम्हाला झराही दिला होता."

"दिलाच होता, त्याच्या आजोबांनी."

"कागद आहे?" तिने विचारलं, आणि घराकडे चालायला लागली.

मला वाटलं, राग उतरेल. बाई तापट असली तरी वेडी नाही. पण तिने परवाने काढले, गावातल्या अंत्यसंस्कारवाल्यांना ठरवलं, आणि त्यांच्या माणसाकडून मला फोन आला: अमुक दिवशी सकाळी आपल्या जमिनीतून मशीन न्यायचं आहे, परवानगी आहे का. स्वतः फोन केला नाही. मी म्हणालो, आहे.

"नाही म्हण," बर्निस म्हणाली. "एकदा तरी बरोबर वेळी नाही म्हण."

"नवरा तिचा आहे."

"आणि दोस्त कोणाचा होता?"

त्या सकाळी मी फाटकाचं कुलूप काढून दिलं आणि बाजूला उभा राहिलो. बर्निस थर्मासमधून कॉफी घेऊन गेली. खोदणाऱ्या माणसांनी घेतली, लेनोराने नाही. ती झेंड्यांच्या पलीकडे उभी होती, चर्चला घालायचे बूट घालून. तिथून ती आत आली नाही, नवऱ्याला वर काढतानाही नाही. माझ्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही हे तिने ठरवलं होतं. काय करायचं, कुठे धरायचं, दगड कसा उचलायचा, सगळं ती पलीकडून सांगत होती, आणि तिचा आवाज शेवटी शेवटी फुटायला लागला होता तरी ती सांगतच होती.

मशीनने वरची माती काढली, मग माणसांनी फावडी घेतली. पेटी दिसायला लागली तेव्हा मी पाठ फिरवली. ज्याला मी खाली उतरवला होता तो वर येताना मला बघायचा नव्हता. दोर कुरकुरले. कोणीतरी म्हणालं, सावकाश. नव्या मोठ्या पेटीत जुनी ठेवून त्यांनी ती झेंड्यांपलीकडे नेली आणि तिच्या पिकअपच्या मागच्या भागात चढवली.

लेनोरा स्वतः गाडी चालवत वर गेली. तिच्या नव्या जागेत, झऱ्याच्या खालच्या अंगाला, फरच्या झाडांत त्यांनी दुसरा खड्डा आधीच खणून ठेवला होता. तिथून घर दिसत नाही. त्यांचंही नाही, आमचंही नाही. फक्त कडा दिसतो.

आता झरा तिचा आहे आणि गवत माझं. तिच्याकडे पाणी आहे, हिवाळ्यात गुरांना घालायला काही नाही. माझ्याकडे गवत आहे आणि वरच्या कुरणात प्यायला थेंब नाही. दोघांनीही जुलैत गुरं विकायला काढली, एकाच बाजारात, एकाच दिवशी, दोन टोकांना उभं राहून. खरेदीदारांनी भाव पाडून मागितले. शेजाऱ्यांचं भांडण त्यांच्या कानावर गेलं होतं.

पण ते नंतरचं. त्या दिवशी माणसं मशीन घेऊन निघून गेली आणि टेकडीवर खड्डा तसाच राहिला. तो भरणं त्यांच्या कामात नव्हतं. कागदाप्रमाणे जमीन माझी, म्हणजे खड्डाही माझा. बर्निस म्हणाली, "मशीन आण, अर्ध्या तासाचं काम आहे." मी कोठारातून फावडं आणलं.

दुपारभर मी माती टाकत होतो. माती मऊ होती. तीन वर्षांपूर्वी तीच माती मी दगडासारखी फोडून काढली होती, ती आता सहज खाली जात होती. माझा हात भरून आला, कंबर धरली, आणि मला रडू येत होतं ते मी येऊ दिलं, कारण आजूबाजूला बघणारं कोणी नव्हतं. मग वर बघितलं तर लेनोरा परत आलेली होती. झेंड्यांपाशी उभी होती, बूट चिखलाने भरलेले. किती वेळ उभी होती कोण जाणे.

मी फावड्यावर रेललो. ते वाक्य अजून माझ्याकडे होतं, पण आता त्याचं करायचं काय?

"नीट दाबून भरा," ती म्हणाली. "खचली माती तर गुरांचा पाय मोडेल."

"भरतोय."

"आणि कुंपण कधी घालताय? अर्धं तुमचं, अर्धं माझं, असं कागदात आहे."

"उद्यापासून."

ती गेली. मी उरलेली माती टाकली, पायांनी तुडवून तुडवून दाबली, वर गवताची ढेकळं बसवली. काम संपलं की इथून निघताना मी दर वेळी जे करत आलो तेच केलं, हात आपोआप गेला. टोपी काढली आणि मान खाली घातली. थोडा वेळ तसाच उभा राहिलो. मग लक्षात आलं, इथे आता कोणी नाही.

टोपी घातली आणि खांब मोजायला खाली उतरलो.